पंक रॉकचा व्हिडिओ काढायचाय? आधी गिम्बल घरी ठेवा

"दादा, जुन्या पंक व्हिडिओसारखा लुक पाहिजे, कुठला फिल्टर टाकू?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो शूट कशावर केलंयस, आणि उत्तर येतं की भाड्याने आणलेला महागडा मिररलेस कॅमेरा, गिम्बल म्हणजे हात हलला तरी कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, दोन रंग बदलणारे आरजीबी लाईट, आणि शेवटी ड्रमरचा घाम स्लो मोशनमध्ये उडतोय. झालं मग. आता त्याच्यावर किती पण ग्रेन म्हणजे जुन्या फिल्मचे दाणे टाका, ओरखडे टाका, ते प्री-वेडिंगच्या व्हिडिओवर धूळ बसल्यासारखंच दिसणार. पंक म्हणजे साधं, जोरात, चिडून वाजवलेलं रॉक, आणि त्याचा तो लुक नंतर चढवलेला नव्हताच कधी, पैसे नव्हते, उजेड नव्हता, वेळ नव्हता आणि तरी आजच शूट करायचं होतं, त्यातून तो आपोआप आला. म्हणून खाली जे सांगतोय ते बहुतेक शूटच्या आधीचं आणि शूटच्या वेळचं आहे, एडिटिंगचं शेवटी थोडंसं.

आधी हे कुठून आलं ते बघा, म्हणजे कॉपी काय करायची ते कळेल. 1977 ला लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स डीजे होता, फिल्ममेकिंग वगैरे शिकलेला नव्हता, त्याने सुपर एट म्हणजे घरगुती छोटा फिल्म कॅमेरा घेतला आणि तिथे वाजवणाऱ्या बँड्सना शूट करायला लागला. आता सुपर एटचं रीळ म्हणजे 50 फुटांची एक काडतुसासारखी डबी, 24 फ्रेम्सने चालवली तर अडीच मिनिटांत संपते, 18 ने चालवली तर तीन मिनिटं वीस सेकंद. रीळ महाग. त्यामुळे कॅमेरा सतत चालू नाही ठेवता येत, काहीतरी घडतंय असं वाटलं की बटण दाबायचं, चार सेकंद, सोडायचं, परत दाबायचं. ते जे तुकडे तुकडे, मध्येच सुरू मध्येच बंद, हात हलतोय, फोकस मागून येतोय असं दिसतं ना, ते कोणाच्या डोक्यातली स्टाईल नाही, रीळ वाचवायची धडपड आहे. आणि फ्रेमच एवढीशी असते की मोठी केल्यावर दाणे दिसणारच.

त्याच माणसाने मग 1979 च्या डिसेंबरमध्ये द क्लॅश या लंडनच्या पंक बँडच्या 'लंडन कॉलिंग' गाण्याचा व्हिडिओ केला, थेम्सच्या काठावर बॅटरसीला, बँड धक्क्यावर आणि कॅमेरे बोटीत. लेट्सने नंतर स्वतःच सांगितलंय की नदीला भरती-ओहोटी असते हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, पाणी उतरलेलं त्यामुळे कॅमेरे खूप खाली राहिले, बोट वाहून लांब जायला लागली, वरून पाऊस सुरू झाला. त्याने शूट नाही थांबवलं. आज तो व्हिडिओ लोकांना आठवतो तो त्या पावसासाठीच, रात्र, मागे काळं पाणी, लाईटमध्ये चमकणारे थेंब आणि चार माणसं थंडीत वाजवतायत.

आता आपलं बघू. मुंबईत दादर चौपाटी, वरळी, वर्सोवा कुठेही काठावर शूट ठेवणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा, लेट्सचं निभावलं म्हणून तुमचा अ‍ॅम्प समुद्रात जायला नको. आणि पावसात शूट करायला आपल्यासारखं शहर नाही, फक्त एक पक्कं लक्षात ठेवा की प्लेबॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावून त्याच्यावर नुसती वाजवायची अ‍ॅक्टिंग करत, शूट होतंय तर गिटार, बास कशालाच करंट लागत नाही, सगळं अनप्लग ठेवायचं, केबल नुसती खिशात खोचायची. ओल्या जमिनीवर चालू एक्स्टेंशन बोर्ड ठेवून रॉकस्टार बनू नका.

कॅमेरा. सगळ्यात बेस्ट म्हणजे माळ्यावर पडलेला हँडीकॅम. कोणाच्या तरी घरी असतोच, काकाच्या लग्नाला घेतलेला, मुंजीपर्यंत वापरलेला आणि मग कापडी पिशवीत गुंडाळून वर टाकलेला. मिनी डीव्ही म्हणजे छोट्या टेपवर रेकॉर्ड करणारा असेल तर सोनं. त्यातला सेन्सर बहुतेक सीसीडी म्हणजे जुन्या पद्धतीचा असतो, त्याच्यासमोर डायरेक्ट बल्ब किंवा हॅलोजन आला की वरून खालपर्यंत उभी पांढरी रेघ येते, ही रेघ फिल्टरने आणता येते पण तशी नाही येत. बॅटरी बहुतेक मेलेली असणार, चार्जर लावूनच चालवा. टेपवरून कॉम्प्युटरमध्ये घ्यायला फायरवायर नावाची जुनी केबल-पोर्ट लागते ती आताच्या लॅपटॉपला नसते, मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन एव्ही-टू-यूएसबीचं साधं कॅप्चर कार्ड घ्या, पिवळी पिन लाल पिन पांढरी पिन लावली की झालं, क्वालिटी थोडी अजून पडते, पडू दे. हे फुटेज पाल म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं असतं, 25 फ्रेम्स पण सेकंदाला 50 फील्ड्स, म्हणजे प्रत्येक फ्रेम एक सोडून एक रेषा अशा दोन अर्ध्या चित्रांची, ती अर्धी चित्रं सॉफ्टवेअरमध्ये वेगळी न करता म्हणजे डी-इंटरलेस न करता टाकलं तर हात हलला की कंगव्यासारख्या रेषा दिसतात. ते 50 फ्रेम्सला डी-इंटरलेस करा, म्हणजे जुन्या टीव्हीवरच्या लाईव्ह प्रोग्रॅमसारखी ती सुळसुळीत हालचाल टिकते.

हँडीकॅम नाही मिळाला तर फोन चालेल, पण फोन स्वतःहून फार हुशारी करतो ती आधी बंद करायची. एचडीआर बंद, स्टॅबिलायझेशन बंद, सिनेमॅटिक मोड, पोर्ट्रेट मोड तर हातच लावायचा नाही. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात एक्सपोजर, फोकस, व्हाईट बॅलन्स लॉक करता येतो. 25 फ्रेम्स, शटर 1/50, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे, जॅम रूममधली ट्यूबलाईट नाहीतर फडफडायला लागते. फोकस दीड-दोन फुटांच्या आसपास लॉक करून टाका आणि अंतर पायाने सांभाळा. नाही सांभाळलं गेलं तर आउट ऑफ फोकस येईल, येऊ दे. त्याच 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या कव्हरवर पॉल सिमोनन बास आपटतोय तो फोटो पेनी स्मिथने काढला होता, धूसर आलाय म्हणून तो वापरूच नका असं तिचं म्हणणं होतं, आणि आज रॉकमधल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी तो एक आहे.

फ्रेम चौकोनीच पाहिजे, 4:3. पण नंतर क्रॉप करू असं म्हणत 16:9 मध्ये शूट केलं की माणसं कडेला पसरतात आणि मग कापताना कोणाचं तरी डोकं जातं, त्यामुळे फोनच्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळ्या टेपची पट्टी चिकटवा आणि जेवढं दिसतंय तेवढंच जग आहे असं समजा. आणि जवळ जा. झूम नाही, जवळ जा. गायकाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, त्याने माईक फिरवला तर तुम्हाला वाकायला लागलं पाहिजे. या सगळ्या व्हिडिओंमध्ये कॅमेरावाला गर्दीतलाच एक असतो, त्याला धक्के बसतात, दूर ट्रायपॉडवरून सेफ शूट केलं की तो कॉलेज फेस्टचा रेकॉर्डिंग व्हिडिओ होतो.

लाईट एकच. खरंच एकच. मंडपवाल्याकडून एक हॅलोजन आणा, 500 वॅटचा, गणपतीत मंडपाच्या मागे लावतात तोच, आणि तो कॅमेऱ्याच्या बाजूने डायरेक्ट तोंडावर मारा. सॉफ्टबॉक्स नाही, कागद नाही, काही नाही. तोंड पांढरं फटक, मागे भिंतीवर मोठी काळी सावली, बाकी अंधार, हाच तो लुक आहे अर्धा. बँडला भिंतीच्या अगदी जवळ उभं करा म्हणजे सावली कडक पडते. फक्त हॅलोजन भयंकर तापतो, पडद्यापासून, कागदापासून लांब ठेवायचा, आणि हलवताना बंद करून थंड होऊ द्यायचा. कलर नारिंगी येईल त्याचं टेन्शन घेऊ नका, बऱ्याचदा शेवटी ब्लॅक अँड व्हाईटच करणार आहात.

जागा. लोकांना वाटतं पंक म्हणजे विटांची भिंत पाहिजे, कारण रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडच्या 1976 च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर आहे, चार पोरं लेदर जॅकेट आणि फाटक्या जीन्समध्ये भिंतीला टेकून. पण ती भिंत मुद्दाम शोधून आणलेली नव्हती, ते न्यूयॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबमध्ये वाजवायचे त्याच्याजवळचीच एक साधी भिंत. मग आपण बांद्र्याच्या कॅफेतली एक्स्पोज्ड ब्रिकची भिंत कशाला शोधतोय. तुमच्या जॅम रूमच्या खाली जी आहे ती घ्या. पोपडे आलेली, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली, वर 'येथे लघवी करू नये' लिहिलेलं आणि लोकांनी ते अजिबात न ऐकलेलं, याच्यापेक्षा जास्त पंक भिंत कुठल्या आर्ट डिरेक्टरला जमणार नाही. मेट्रोच्या कामाचे पत्रे, चाळीची गॅलरी, सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, बंद पडलेल्या प्रेसचं शटर, सगळं चालतं. गच्चीसाठी सेक्रेटरीला आधी सांगा, आणि रात्री 10 नंतर स्पीकर लावायचा नाही हा नियम आहे तो पाळा नाहीतर तिसऱ्या टेकला हवालदार येतो. लोकलमध्ये, प्लॅटफॉर्मवर परवानगीशिवाय शूट करायचं नाही, दारात लटकून तर अजिबातच नाही. आणि स्प्रे पेंट घेऊन दुसऱ्याच्या भिंतीवर सुटू नका, सार्वजनिक ठिकाणी असलं विद्रूपीकरण करू नये म्हणून महाराष्ट्रात 1995 चा कायदाच आहे, त्यापेक्षा जुन्या चादरीवर बँडचं नाव रंगवा आणि ती मागे टांगा.

कपड्यांवर फार वेळ नाही घालवत. मे महिन्यात भाड्याचं लेदर जॅकेट घालून बसलेला बासिस्ट बघवत नाही. लंडनच्या पोरांनी पण हाताशी होतं तेच फाडलं होतं, शाळेचा टाय, जुना ब्लेझर, सेफ्टी पिना. तुमच्याकडे शाळेच्या युनिफॉर्मचा शर्ट असेल, बाह्या कापा, बॅज तसाच ठेवू नका मात्र, उगाच शाळेचं नाव व्हिडिओत. पावसाळी सँडल, बापाची सफारी, डकबॅकचा रेनकोट, हे कॅमेऱ्यात जबरदस्त दिसतं. रोज घालता तेच घाला आणि एक गोष्ट बिघडवा.

प्लेबॅकची एक ट्रिक सांगतो जी फार कमी लोक करतात. गाणं 90 टक्के स्पीडने एक्सपोर्ट करा, म्हणजे दोन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं तेरा सेकंद झालं. शूटच्या वेळी हे स्लो व्हर्जन वाजवा, बँड त्याच्यावर वाजवेल, आणि एडिटमध्ये फुटेज परत 111 टक्क्यांवर न्या, गाणं ओरिजिनल लावा. ओठ बरोबर जुळतात पण अंगाची हालचाल थोडी झटक्याची होते, मान जरा जास्तच जोरात हलते, जुन्या फिल्मसारखी. याच्यापेक्षा स्लो नका करू, मग चार्ली चॅप्लिन होतो. आणि ड्रमरला सांगा की खरंच मारायचं. प्लेबॅक आहे म्हणून हळूच टकटक करणारा ड्रमर दोन सेकंदांत पकडला जातो, सिंबलवर टॉवेल टाका हवं तर, पण हात पूर्ण वर गेला पाहिजे.

टेक कमी घ्या. एका जागी सुपर एटच्या तीन डब्यांएवढंच रेकॉर्डिंग असा नियम करा, म्हणजे साडेसात मिनिटं, मेमरी कार्डात जागा असली तरी. पहिला टेक सगळे घाबरून नीट वाजवतात, दुसऱ्यात मोकळे होतात, तिसऱ्यात दमलेले असतात आणि काहीतरी चुकतं, ते चुकलेलं बहुतेक व्हिडिओत जातं.

एक मात्र, सगळं हलतंच पाहिजे असं नाही. 1988 चा रमोन्सचा 'आय वॉना बी सिडेटेड'चा व्हिडिओ आहे, त्यात बँड टेबलाशी ढिम्म बसलेला, चेहऱ्यावर काहीच नाही, आणि आजूबाजूला सगळी चित्रविचित्र माणसं फास्ट स्पीडमध्ये धावतायत. एकच खोली, एकच आयडिया. हे मुंबईत करायला अवघड नाही, इराणी हॉटेलवाला ओळखीचा असेल तर दुपारच्या मंद वेळेत एक टेबल मागा, चहा पुढ्यात, बँड अगदी स्लो हलतोय आणि बाकी दुनिया पळतेय.

आता माझा आवडता भाग, झेरॉक्स. पंकची कागदावरची भाषा व्हिडिओत आणायची असेल तर हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडच्या अल्बमच्या कव्हरवर ती पेपरातून कापलेली अक्षरं आहेत, खंडणीच्या चिठ्ठीसारखी, ती जेमी रीडची, 1977. त्याच्या आदल्या वर्षी मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' नावाचं फॅन्झिन म्हणजे चाहत्याने घरीच बनवलेलं मासिक काढलं, टाईपरायटर, मार्कर पेन आणि झेरॉक्स, बस. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, साठच्या दशकात मुंबईत मराठी पोरांनी लघुअनियतकालिकं काढली ती पण सायक्लोस्टाइलवर म्हणजे स्टेन्सिलने प्रती काढणाऱ्या स्वस्त मशीनवर, पदरचे पैसे घालून, मोठे संपादक छापणार नाहीत तेच छापायला.

करायचं असं. व्हिडिओतला चार सेकंदांचा तुकडा निवडा, गायक ओरडतोय तो. सेकंदाला 12 फ्रेम्स धरल्या तर 48 चित्रं होतात, एका ए-फोरवर चार बसवली की 12 पानं. ती प्रिंट काढायची, आणि मग प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. दर वेळी मधले राखाडी रंग उडतात, फक्त काळं आणि पांढरं उरतं. नवीन मशीनवर फोटो मोड असेल तर तो बदलून टेक्स्ट मोडवर टाकायला सांगा, नाहीतर ते मशीन चित्र सुधारायला बघतं. झेरॉक्सवाले काका पण सुधारायला बघतात. माझ्या कॉलेजजवळच्या काकांनी तर पानं वर धरून उजेडात बघितली, चेहरा पाडला आणि म्हणाले, "बाळा, टोनर संपत आलाय वाटतं, डोळे सगळे काळे आलेत, थांब बदलतो, याचे पैसे नको देऊस." मी म्हटलं काका हेच पाहिजे, अजून डार्क करा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डार्कचं बटण शेवटपर्यंत नेलं, आणि त्यानंतरचं प्रत्येक पान बाहेर आलं की स्वतःहून विचारायचे, "हे पुरेसं खराब आहे का?"

पानं मिळाली की काही चुरगळा, काहींवर चहाचा कप ठेवा, एखाद्याचे डोळे मार्करने खोडा, मग परत स्कॅन करून 12 च्या स्पीडने लावा. चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवू नका, थोडी हलली की ती थरथर येते. पूर्ण गाणं असं करू नका पण, दोन-तीन जागी पुरे.

अक्षरं मराठीत कापायची असतील तर इंग्रजीसारखं एकेक अक्षर कापून चालत नाही. शिरोरेखा मध्येच तुटते, आणि मात्रा वेलांट्या सुट्या कापल्या तर त्या चिमटीत धरता पण येत नाहीत. 'किंकाळी' लिहायचं असेल तर 'किं' अख्खा एका कात्रणातून घ्या, वेलांटी अनुस्वारासकट, 'का' दुसऱ्यातून, 'ळी' तिसऱ्यातून. आणि चिकटवताना शिरोरेखा मुद्दाम वरखाली ठेवा, एक जाड एक बारीक, सरळ रेषेत आल्या की नुसता बॅनर वाटतो. कात्रणांसाठी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान सोडू नका, तिथे प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्याच वळणात असतं. आकडे पाहिजेत तर मागच्या वर्षीचं कालनिर्णय. लग्नपत्रिका पण, सोनेरी अक्षरं झेरॉक्समध्ये चट्टेपट्टे होऊन येतात. ड्रमच्या पुढच्या कातड्यावर बँडचं नाव टाकायचं तर गाड्यांचे स्टिकर कापणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा, पिस्टल्सच्या त्या कव्हरचा पिवळा आणि गुलाबी, दोन्ही त्याच्याकडे भडक मिळतात.

एडिटिंग. दोन मिनिटांचं गाणं आणि सरासरी दोन सेकंदांचा शॉट धरला तर साठ शॉट लागतात, एवढंच गणित. प्रत्येक बीटवर कट मारू नका, ते रील्सवाले करतात, इथे कट जरा उशिरा किंवा जरा लवकर पडला की अंगावर येतो. कॅमेरा चालू-बंद होतानाच्या खराब फ्रेम्स ठेवा. डिझॉल्व्ह नाही, झूम ट्रान्झिशन नाही. कलर करायचा तर ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडच्या 'बास्केट केस' गाण्याचा व्हिडिओ बघा, 1994 चा, तो ब्लॅक अँड व्हाईटमध्ये शूट करून नंतर रंगवलाय, म्हणून ते रंग असे आजारी, खोटे दिसतात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये पण जमतं, सगळं ब्लॅक अँड व्हाईट करा आणि एकाच वस्तूला मास्क लावून भडक रंग द्या, गिटार हिरवी, केस गुलाबी.

अजून मळवायचं असेल तर भंगारवाल्याकडून डबा टीव्ही आणा, तयार व्हिडिओ त्याच्यावर चालवा आणि अंधारात फोनने परत शूट करा. शटर 1/50 ठेवलं तर चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं, 1/60 वर नेलं की काळा पट्टा सरकायला लागतो. कोरसला पट्टा, बाकी गाण्यात नाही, असं मला आवडतं. मागचं झाकण मात्र उघडू नका, त्यात बंद केल्यावर पण झटका देण्याएवढा करंट साठलेला असतो.

अपलोड करताना 4:3 ची साईडची काळी जागा तशीच सोडा, तिथे ब्लर केलेलं तेच चित्र भरायचा मोह आवरा. आणि फाईल आहे त्या छोट्या साईजमध्ये टाकली तर यूट्यूब दाबून दाबून सगळे दाणे पुसून टाकतं, चिखल होतो नुसता, म्हणून हँडीकॅमचं फुटेज असलं तरी 4के टाइमलाईनवर मोठं करून एक्सपोर्ट करा, त्याला जास्त बिटरेट मिळतो म्हणजे यूट्यूब ते कमी दाबतं आणि एवढी मेहनत करून आणलेली घाण लोकांपर्यंत नीट पोचते.